आजीला गूळ पाहिजे म्हणे : अंगणवाडीत न बोलणाऱ्या एका मुलीचं प्रकरण

आधी थोडं

हे प्रकरण बेळगाव शहरातलं. मुलीचं नाव इथं छबी ठेवलंय, ते खरं नाही. महिने आणि घरचे काही तपशील ओळख लपावी म्हणून बदलले आहेत. मी अंगणवाड्यांना भेटी देते, मुलांचा खेळ आणि भाषा यावर तिथल्या बायकांबरोबर काम करते. मी डॉक्टर नाही. या प्रकरणात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. तीही पुढे येईलच.

पार्श्वभूमी

छबीचे आईवडील खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडचे, जंगलालगतच्या गावचे. तिथं घरात, रानात, देवळात सगळीकडे मराठीच. वडिलांना उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत काम मिळालं आणि छबी साडेतीन वर्षांची असताना बिऱ्हाड बेळगावला आलं. वडगाव-खासबाग भागात एक खोली आणि पुढे पडवी. दिवसभर मागांचा खडखडाट. आई शेजारच्या मागवाल्याकडे कांड्या भरायला जायची आणि छबीला आजी सांभाळायची. आजी म्हणजे वडिलांची आई. तिला कन्नड येत नाही. "समजतंय थोडं, पण तोंडात येत न्हाई," असं तीच सांगते.

गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू सगळंच. इथली पोरं गोट्या खेळताना एका भाषेत भांडतात आणि दुसऱ्या भाषेत समेट करतात. गल्लीच्या टोकाला अंगणवाडी. तिथल्या कार्यकर्ती सौंदत्तीकडच्या, कन्नड बोलणाऱ्या. मराठी त्यांना समजतं, बोलताना मात्र अडखळतात. त्यांना सगळे टीचर म्हणतात, मीही इथं तेच म्हणते. वीसेक मुलं, एक खोली, वजनकाटा, नोंदवह्यांची चळत आणि पोषण ट्रॅकर भरायचा मोबाईल, एवढा त्यांचा संसार. स्वयंपाकाला एक सहायिका.

छबी जूनपासून अंगणवाडीत जाऊ लागली. मला तिच्याबद्दल कळलं ते फेब्रुवारीत. तेव्हा ती सव्वाचार वर्षांची होती.

अडचण काय होती

आठ महिन्यांत छबी अंगणवाडीत एक शब्दही बोलली नव्हती. हजेरीला नाही, जेवताना नाही, कुणी ढकललं तरी नाही. गाणी सुरू झाली की हात हलवायची, पण ओठ मिटलेले. तहान लागली तर माठाजवळ जाऊन उभी राहायची. लघवी लागली तर तेही नाही. आठवड्यातून दोन-तीनदा चड्डी ओली व्हायची. पोरांनी तिचं नाव "मूगी" ठेवलं होतं, म्हणजे मुकी.

घरी चित्र उलटं. "काय सांगू बाई, सकाळी डोळा उघडल्यापासनं बोलूलालीया. मीच दमतो ऐकून," आजी म्हणाली.

टीचरना वाटत होतं, मुलीला कन्नड येत नाही म्हणून गप्प आहे. आईला वाटत होतं, टीचर ओरडत असणार. वडिलांच्या एका नातलगाने मोबाईलवर काहीतरी बघून "ऑटिझम असेल" असं सांगितलं होतं आणि त्या शब्दाने घरात दोन रात्री कुणी धड जेवलं नव्हतं. शेजारच्या एका जाणत्या बाईचा सल्ला वेगळाच होता: घरात मराठी बंद करा, कन्नडच बोला, आपोआप सुधारेल.

नवी भाषा कानावर पडू लागली की लहान मूल काही महिने गप्प राहतं, हे खरं आहे. त्या काळात ते ऐकत असतं, साठवत असतं. म्हणून टीचरचं म्हणणं मला आधी पटलं होतं. पण चौकशीत एक गोष्ट निघाली. त्या अंगणवाडीत सहा मुलं मराठी घरातली होती आणि त्यातली एक, समोरच्या दारची मुलगी, संध्याकाळी गल्लीत छबीबरोबर खेळायची, तिच्याशी भांडायचीसुद्धा. त्याच मुलीशी छबी अंगणवाडीच्या उंबऱ्याच्या आत मराठीतही बोलत नव्हती. मग हे एकट्या कन्नडचं दुखणं कसं असेल?

तीन दुपारी

मी घरी जाऊन बसायचं ठरवलं. काही विचारायचं नाही, आजीबरोबर शेंगा फोडत बसायचं.

पहिल्या दुपारी छबी आजीच्या मागे होती. दुसऱ्या दुपारी तिने कोपऱ्यातलं पोतं ओढलं. त्यात आजीने खानापूरहून आणलेली मातीची बोळकी होती. खानापूरची कौलं आणि कुंभारकाम ठाऊक असलेल्यांना ही बोळकी सांगायला नकोत: चूल, परात, रांजण, सगळं मुठीत मावेल एवढं. मला वाटलं आता भातुकली. पण छबीने बोळकी पालथी घालून ओळीत मांडली, त्यांच्यामागे बाटल्यांच्या बुचांची दुसरी ओळ लावली आणि आजीची काठी घेऊन पुढे उभी राहिली.

आणि कन्नडमध्ये सुरू झाली.

"एल्लारू सुम्न कूड्री." सगळे गप्प बसा. मग हजेरी. एकेका बुचाचं नाव, आणि प्रत्येकाच्या वतीने वेगळ्या आवाजात "येस टीचर". टीचरची उच्चारातली लकब, वाक्याच्या शेवटी येणारा "री", मोबाईल वाजला की कपाळाला आठी घालून बाजूला जाणं, सगळं हुबेहूब. आजी म्हणाली, "हे काय बडबडत असतीया, मला काय कळत न्हाई. मला वाटलं, असंच कायतरी."

रोज हा खेळ चालत होता आणि घरात कन्नड जाणणारं त्या वेळी कुणी नसल्याने ही मुलगी चांगलं कन्नड बोलते, हे कुणालाच माहीत नव्हतं.

तिसऱ्या दुपारचं मी जास्त नीट लिहून ठेवलंय. एक लाल बूच हजेरीला उत्तर देत नव्हतं. काठीवाली टीचर म्हणाली, "माताडु!" बोल. बूच गप्प. मागच्या ओळीतून एक बारीक आवाज आला, "टीचर, अवळु मूगी." ती मुकी आहे. टीचरने काठी उगारली, मग खाली ठेवली. लाल बूच उचलून पदरात घेतलं आणि एका बोळक्यातून त्याला पाणी पाजलं. नंतर पुढची हजेरी. छबीचं स्वतःचं नाव त्या हजेरीत नव्हतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांचं खेळाविषयीचं 1933 मधलं एक व्याख्यान प्रसिद्ध आहे. खेळात मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं, असं ते म्हणतात. त्याच व्याख्यानात पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण आहे; त्या "बहिणी-बहिणी" खेळायचं ठरवतात. रोज बहिणी म्हणून जगताना त्यांना त्याचं काही वाटत नाही, खेळात मात्र बहिणीने कसं वागायचं ते नियम पाळू लागतात. अंगणवाडीतली मुलगी घरी येऊन "अंगणवाडी" खेळते, तेही तसंच. तिथले सगळे नियम तिला पाठ होते. फक्त तिथं ते वापरायचं बळ नव्हतं. ते इथं, काठी हातात आल्यावर यायचं, कारण बोलणारी छबी नव्हतीच, टीचर होती.

ऑटिझमची भीती या खेळाने बरीच कमी केली. दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या एम-चॅट या प्रश्नावलीत, मूल रिकाम्या कपातून प्यायल्याचं किंवा फोनवर बोलल्याचं नाटक करतं का, असा एक प्रश्न असतोच. छबी तर तीन-चार पात्रं, त्यांचे आवाज, त्यांची दुःखं एकटी पेलत होती. तरी निदान करणं माझं काम नाही. ते मी घरच्यांनाही सांगितलं.

समोर असलेले पर्याय

टीचर, आई, आजी आणि मी अशा चौघी एका शनिवारी दुपारी बसलो. वडील रात्रपाळी करून झोपले होते, ते मध्येच उठून आले.

घरात मराठी बंद करण्याचा सल्ला सर्वांत आधी बाद झाला. ज्या एका जागी मूल मोकळं बोलतं, तिथलीच भाषा काढून घ्यायची? आणि आजीचं काय? आजीने नातीशी बोलायचंच नाही?

दुसऱ्या अंगणवाडीत घालायचा पर्याय आईला हवा होता. दीड किलोमीटरवर मराठी बोलणाऱ्या कार्यकर्ती होत्या. यावर आम्ही बराच वेळ घालवला. माझा कल विरुद्ध होता, कारण छबी मराठी मैत्रिणीशीही बोलत नव्हती. जागा बदलली तरी गप्पपणा बरोबर येईल असं वाटलं. आज मला याची तेवढी खात्री नाही. कदाचित तिथं ती लवकर बोललीही असती. पण आईला सकाळी कांड्यांच्या कामावर वेळेत पोचायचं होतं, आजीचे गुडघे दुखत होते, आणि अखेर निर्णय त्या दीड किलोमीटरनेच केला.

तिसरा पर्याय डॉक्टरांकडे नेण्याचा. कानांची तपासणी तर लगेच करायचीच होती. ती सरकारी दवाखान्यात झाली, ऐकणं चांगलं निघालं. पुढची तपासणी धारवाडला, पाऊणशे किलोमीटर. वडिलांचा एक दिवसाचा पगार बुडणार. "मे महिन्यात बघू," असं ठरलं. हे मी तेव्हा मान्य करायला नको होतं.

आणि चौथा पर्याय, खेळ.

वडिलांनी सरळ विचारलं, "ताई, खेळून पोरगी बोलती होते, असं कुठं सिद्ध झालंय काय?" प्रश्न रास्त होता. 2013 मध्ये अमेरिकेतल्या अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाटकी खेळावरचे कित्येक दशकांचे अभ्यास तपासून एक मोठा आढावा लिहिला. अशा खेळाने बुद्धी वाढते, सर्जनशीलता वाढते, हे दावे पुराव्यापेक्षा फार पुढे गेले आहेत, असं त्यांना दिसलं. भाषा आणि भावना आवरणं यांच्याशी खेळाचा संबंध दिसतो, पण खेळ हे कारण आहे, अनेक वाटांपैकी एक वाट आहे की नुसती सोबत आहे, ते सांगता येत नाही. मी हे त्यांना सांगितलं. मग म्हणाले, "मग कशाला?" मी म्हटलं, कारण आठ महिन्यांत तिचं कन्नड तोंडातून बाहेर पडलेली ही एकच जागा आपल्याला सापडली आहे. ते काही बोलले नाहीत. अंगात शर्ट घालून चहा आणायला गेले.

काय केलं

पहिलं काम खेळाचं नव्हतं, लघवीचं होतं. एक लाल बूच अंगणवाडीच्या खिडकीत ठेवलं. ते उचलून सहायिकेच्या हातात दिलं की ती काही न विचारता छबीला बाहेर नेणार. दोन आठवड्यांत चड्डी ओली होणं जवळजवळ थांबलं. एवढ्याने बोलणं आलं नाही, पण मुलीच्या मानेतला ताठरपणा कमी झाला. पोरं चिडवायची थांबली नाहीत. त्यासाठी टीचरनी एक दिवस स्वतः तोंडावर बोट ठेवून पूर्ण सकाळ खुणांनी काढली आणि सगळ्यांना खुणांनी बोलायला लावलं. ही कल्पना त्यांचीच. मला सुचली नसती.

मग, मुलं घरी गेल्यावर, चार वाजता आजी आणि छबी बोळक्यांचं पोतं घेऊन रिकाम्या अंगणवाडीत जाऊ लागल्या. ज्या माणसाजवळ मूल बोलतं, त्याला न बोलण्याच्या जागेत आणायचं आणि मग एकेक नवा माणूस हळूहळू आत सरकवायचा, ही अशा मुलांसाठी वापरली जाणारी पद्धत आहे. पहिले चार दिवस कुजबुज. पाचव्या दिवशी काठी बाहेर आली. टीचर कोपऱ्यात नोंदवह्या भरत बसायच्या, पाठ फिरवून. पुढच्या आठवड्यात समोरच्या दारची मैत्रीण आली आणि बुचांच्या ओळीत जाऊन बसली. ती खेळात विद्यार्थिनी, म्हणून छबी तिला त्या खोलीत पहिल्यांदा ओरडली. कन्नडमध्ये.

माझी चूक

धारवाडला जायचं होतं आणि तिथं डॉक्टरांना छबी घरी कशी बोलते ते दाखवायला हवं होतं. मी वडिलांना म्हटलं, खेळ चालू असताना मोबाईलवर थोडं टिपून ठेवा, तिला कळू देऊ नका. त्यांनी पडवीच्या दाराआडून पावणेदोन मिनिटं टिपलं. स्वतः पहिल्यांदाच मुलीचं कन्नड ऐकत होते. आनंद मावला नाही, त्यांनी ते टीचरना पाठवलं. टीचरनाही आनंद मावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना सोडायला आलेल्या आयांसमोर त्यांनी मोबाईल उंच धरला. "नोड्री, नम्म छबी!" बघा, आमची छबी.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छबीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्या दुपारी घरी येऊन तिने पोतं पलंगाखाली ढकललं. एकोणीस दिवस काठी हातात घेतली नाही. घरातही आवाज खाली आला. लाल बूच द्यायचंही थांबलं.

दोष टीचरना देणं सोपं होतं आणि आईने तो दिलाही. पण ते टिपायला मी सांगितलं होतं, तेही लपवून. खेळातली टीचर बोलत होती तोवर छबी सुरक्षित होती. आम्ही पडदा ओढून दाखवलं की आत तूच आहेस, आम्ही बघतोय, म्हणजे आता खऱ्या वर्गातही बोल. मोठ्यांना तो पुरावा वाटला. तिच्या हिशेबी तिची चोरी पकडली गेली होती. दशावतारात सोंग रंगात आलं असताना कुणी विंगेत शिरून मुकुट ओढावा, तसं.

मी आईची आणि टीचरची माफी मागितली. छबीची कशी मागायची ते कळेना. अखेर तिच्यासमोर वडिलांना तो व्हिडिओ पुसायला लावला. तिने मोबाईल हातात घेऊन पडदा रिकामा झाल्याची खात्री केली.

आजीचा बाजार

मे महिन्यात दोन गोष्टी झाल्या. धारवाडला तपासणी झाली. डॉक्टरांनी सिलेक्टिव्ह म्युटिझम असं नाव दिलं: बोलता येत असूनही विशिष्ट ठिकाणी चिंतेपोटी वाचा बसणं. निदानासाठी हे किमान महिनाभर टिकावं लागतं, शाळेचा पहिला महिना त्यात धरत नाहीत, आणि नुसती भाषा येत नसेल तर हे नाव देत नाहीत. औषध दिलं नाही. हळूहळू माणसं वाढवण्याची पद्धत चालू ठेवा, बोलण्यासाठी आग्रह किंवा बक्षीस नको आणि दोन महिन्यांनी या, असं सांगितलं. घरच्यांना एका वाक्याने फार हलकं वाटलं: मुलगी हट्टी नाही.

दुसरी गोष्ट आजीने केली. कुणाला न विचारता एका दुपारी तिने पलंगाखालचं पोतं स्वतः काढलं आणि एकटीच खेळू लागली. चुलीवर परात उलटी ठेवली, चुरमुरे रांजणात घातले, गुळाचा खडा तव्यावर. छबी लांबून बघत होती. "अगे असं न्हवं आजी," म्हणून शेवटी जवळ आली.

आजीला अंगणवाडीचा खेळ येत नव्हता, तिला येत होता बाजार. गोणपाट अंथरून तिने दुकान मांडलं, दुकानात कापडाची बाहुली बसवली आणि आपण गिऱ्हाईक झाली. मग म्हणाली, "ही दुकानदारीण कन्नड बोलतीया. मला येत न्हाई. तू सांग की तिला."

यात नाटक किती आणि खरं किती? आजीला खरोखरच येत नव्हतं. बेळगावच्या बाजारात नातवंडांना दुभाषी करून नेणाऱ्या आज्या मी कितीतरी बघितल्या आहेत. छबीने बाहुलीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "अज्जिग बेल्ल बेकंत."

आजीला गूळ पाहिजे म्हणे.

या वाक्याच्या शेवटी जो "अंत" आहे, तो आपल्या "म्हणे"सारखा. बोलणाऱ्याचं त्यात काही नसतं, तो फक्त निरोप पोचवतो. काठीवाल्या टीचरपेक्षाही ही आडोशाची जागा बरी होती, कारण ही खऱ्या वर्गातही नेता येणार होती. हे मला दोन दिवसांनी सुचलं, आजीने ते आधीच केलं होतं.

जूनमध्ये अंगणवाडी परत भरली. टीचरनी एका कोपऱ्यात गोणपाटाचं दुकान मांडलं, सगळ्या मुलांसाठी. चुरमुरे, बुचं, जुन्या पाकिटांचे डबे, खडूने लिहिलेले भाव. आजी आठवड्यातून दोनदा सकाळी गिऱ्हाईक म्हणून यायची. दुकानात रोज वेगळं मूल. पहिले तीन आठवडे छबी आजीच्या कानात मराठीत सांगायची, मग मैत्रिणीच्या कानात कन्नडमध्ये, आणि मैत्रीण मोठ्याने बोलायची. टीचरना आमचं एकच सांगणं होतं: वळून बघायचं नाही, शाबासकी द्यायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. "हे लई अवघड आहे ताई," त्या म्हणाल्या.

जुलैच्या एका पावसाळी सकाळी मैत्रीण आली नव्हती आणि दुकानात टीचर स्वतः बसल्या होत्या. आजीने गूळ मागितला, मराठीत. टीचरनी कान पुढे केला, "एनु?" काय? छबीने आजीकडे बघितलं, टीचरकडे बघितलं, आणि जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "अज्जिग बेल्ल बेकंत."

टीचरनी चेहरा न हलवता गूळ मोजून दिला आणि वर चार रुपये जास्त मागितले. छबीने घासाघीस केली.

निष्पत्ती

दिवाळीपर्यंत छबी दुकानात, दवाखान्याच्या खेळात आणि बाहुलीच्या लग्नात सगळ्यांशी बोलू लागली होती. लग्नात तर ती भटजी झाली. खेळाबाहेर अजून खूण. दुसऱ्या तपासणीत डॉक्टरांनी प्रगती आहे, घाई नको, एवढंच सांगितलं. मधला एक टप्पा फार मजेचा होता: स्वतःला तहान लागली की ती बाहुली घेऊन टीचरकडे जायची. "गोंबिग नीर बेकंत." बाहुलीला पाणी पाहिजे म्हणे. टीचर दोन पेले भरायच्या, एक बाहुलीसमोर ठेवायच्या.

वडील आता खेळाच्या विरोधात नाहीत, पण अक्षरं कधी हा प्रश्न त्यांचा अजून आहे. छबी पाच पूर्ण झाली आहे, पहिलीला अजून वर्ष आहे. आई मराठी शाळा म्हणते, वडील इंग्रजी म्हणतात. मी मत दिलेलं नाही, फक्त एवढं सांगितलं की शाळा कुठलीही असो, पहिल्या आठवड्याच्या आधी रिकाम्या वर्गात दोन-तीनदा पोतं घेऊन जायचं.

हे सगळं खेळामुळे झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तिचं वय वाढलं, टीचरचं वागणं बदललं, लाल बुचाने भीती कमी केली, डॉक्टरांच्या शब्दाने घर शांत झालं. यातलं एकेक काढून बघता येत नाही. माझा स्वतःचा अंदाज असा की बाकी सगळ्याने दार किलकिलं केलं असतं, पण आत पाऊल टाकायला तिला दुसऱ्या कुणाचं तरी रूप लागत होतं.

आज वेगळं काय केलं असतं

धारवाड मे महिन्यापर्यंत लांबवलं नसतं. फेब्रुवारीत कानांची तपासणी झाली त्याच आठवड्यात चिठ्ठी घेतली असती आणि एका दिवसाच्या पगाराची सोय कुठून तरी केली असती. नाव आधी कळलं असतं तर त्या दोन न जेवलेल्या रात्रींनंतरचे तीन महिने घरच्यांनी धास्तीत काढले नसते.

व्हिडिओ घेतलाच नसता. डॉक्टरांना आजीच्या तोंडून ऐकवलं असतं, किंवा छबीला सांगून, तिच्या होकाराने टिपलं असतं.

पहिल्या महिन्यात मी टीचरना सूचना देत होते. त्या काय करू शकतात हे विचारलंच नाही. तोंडावर बोट ठेवून काढलेली ती सकाळ, चार रुपये जास्त मागणं, दोन पेले पाणी, यातलं काही मी सांगितलेलं नव्हतं. आजीचंही तेच. अशी घरं बघताना आता मी आधी विचारते: तुम्हाला कुठला खेळ येतो?

दुसऱ्या अंगणवाडीचा प्रश्न मात्र माझ्या मनात उघडाच आहे.

जानेवारीत मी एकदा न सांगता गेले होते. संक्रांतीनंतरचे दिवस, सहायिका तीळगुळाचा डबा घासत होती. दुकान आवरलेलं होतं, बाहुली खिडकीत, लाल बुचाशेजारी. छबी माठाजवळ गेली, पेला रिकामा होता. ती टीचरकडे आली, हातात काही नव्हतं.

"ननग नीर बेक्री," ती म्हणाली. मला पाणी पाहिजे.

टीचर मोबाईलवर वजनं भरत होत्या. वर न बघता त्यांनी पेला भरून दिला. छबी पाणी पिऊन निघून गेल्यावर मात्र त्यांनी मोबाईल खाली ठेवला आणि पदराने डोळे पुसले.